लेकीला कर्नाटकातून आणलं तेव्हा

नवऱ्याशी पटेनासं झालं तेव्हा शिक्रापूरची भाड्याची खोली सोडून मी लेकीला घेऊन खुटबावला माहेरी आले आणि कुरकुंभला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, मूळचा कर्नाटकातला. रविवारी तो लेकीला भेटायला यायचा. अशाच एका रविवारी मी कामावर होते. आइस्क्रीम खायला नेतो असं आप्पांना सांगून तो तिला घेऊन बाहेर पडला आणि थेट कलबुर्गीपलीकडच्या आपल्या गावी घेऊन गेला. त्यानंतर आप्पा, म्हणजे माझे वडील, कितीतरी दिवस माझ्याकडं मान वर करून बघत नव्हते.

कोर्टाचा आदेश हातात पडेपर्यंत उन्हाळा सरला, दिवाळीही झाली. तेवढ्या काळात मी दिसेल त्याच्यावर खेकसत होते. पोरगी तिकडं मजेत असेल, असं कुणी म्हटलं तरी राग यायचा आणि नसेल म्हटलं तर जीव कासावीस व्हायचा. खरी भीती मी कुणाला सांगितलीच नाही. पाच वर्षांची पोर ती. ‘आईला तू नकोस’ एवढं जरी कुणी तिच्या डोक्यात भरवलं असलं तर? आदेशानं पोर ताब्यात मिळते, पण ती आपणहून जवळ येईलच असं कुठं असतं?

दौंडहून गाडीत बसलो ते मी, आप्पा आणि पोलीस ठाण्यातल्या एक महिला हवालदार. आप्पांनी स्टेशनबाहेर माझ्या कमरेएवढं कापडी अस्वल विकत घेतलं होतं. डब्यात ठेवायला जागा नाही, म्हणून ते माझ्या मांडीवर. याचंही तिकीट काढायला हवं होतं, असं त्या पोलीसबाई म्हणाल्या आणि मला किती तरी दिवसांनी हसू आलं.

तिकडच्या पोलिसांना घेऊन त्या घरापुढं गेलो तेव्हा लेक अंगणात भातुकली मांडून बसली होती. नवरा दारात उभा होता. भांडायची माझी जय्यत तयारी होती, त्याला काय काय सुनावायचं तेही पाठ करून आले होते. लेकीनं मान वर केली. अस्वलाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

“आई, सुटली का गं शिफ्ट?”

मला काही उमजेना. मग नवराच खाली बघत पुटपुटला. ती रोज रडायची, म्हणून त्यानं सांगितलं होतं की आईला यावेळी लई मोठी शिफ्ट लागलीय, सुटली की येईल.

“सुटली,” मी म्हणाले. तिनं फ्रॉकला हात पुसले आणि माझ्या कडेवर चढून बसली.

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण पोरीच्या मनात त्यानं माझ्याबद्दल विष कालवलं नाही, एवढं मात्र मानते. परतीच्या गाडीत ती माझ्या अंगावर रेलून झोपली आणि मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

घरी आल्यावर चार दिवस रजा काढली. मग कामावर जायची वेळ आली आणि माझे पाय उंबऱ्यातच अडले. शिफ्टला जाते, हे आता या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? कंपनीची बस रस्त्यावर हॉर्न देत होती. आज नगं जाऊस, असं आप्पाही म्हणाले. लेक भाकरी खात होती. तिनं माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बघितलं.

“जा की. ही बारकीच शिफ्ट हाय न्हवं?”

“व्हय,” मी म्हणाले, आणि डोळे पुसत बस गाठायला पळाले.