मुठीमागची भिंत

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. आमच्या सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये पुस्तकं मोजकी होती, पत्रकांचे मात्र गठ्ठेच्या गठ्ठे. बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये कारकून होते आणि ड्यूटी सुटली की युनियनचे. शाई न वाळलेली पत्रकं ते घरी आणायचे आणि मी पालथी पडून ती मोठ्यानं वाचायची. त्यामुळे 'कमळ' आणि 'बदक' यांच्याआधी मला 'धिक्कार' लिहिता यायला लागलं. आई माझं वाचन संपायची वाट बघत दारात उभी असायची.

"झालं का तुहं वाचून? मंग दे इकडं. भजे काढाचे हायेत."

शोषितांच्या हाकेवर भजी निथळायची. मी तेव्हाही चिडत होते, आताही चिडते. पण भजी खात होते, हेही सांगायला हवं.

अशा मुलीच्या वर्गात कॅमेरा आला, तर ती त्याचं काय करणार, हे उघड आहे.

आम्ही अकरावीत होतो. वर्गातल्या एका मुलाचे वडील इंजिनिअर, ट्रेनिंगला रशियात जाऊन आलेले. येताना त्यांनी चावीवर चालणारा छोटा फिल्म कॅमेरा आणि तो दाखवायचं यंत्र आणलं होतं. मुलगा आमच्यासारखाच नागपूरकडचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचा. आम्ही त्याला कॅमेरावाला म्हणायचो, आणि त्यालाही तेच नाव आवडायचं. वडिलांनी त्याला एक कोरी रीळ दिली आणि सांगितलं, शाळेच्या संमेलनासाठी काहीतरी चांगलं करा. रीळ एकच होती, जेमतेम काही मिनिटांची. त्याला प्लांटच्या भट्टीसमोर बहिणीचा नाच घ्यायचा होता. मी दोन दिवस त्याला कला कोणासाठी असते ते समजावलं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "घे बाई, तूच काढ. पण मले आता भाषण देऊ नको."

मी फिल्म लिहिली. नाव, 'लोहा किसका?' शाळा हिंदी माध्यमाची, म्हणून नाव हिंदी. गोष्ट सरळ होती. एक तरुण कामगार आपल्या घरातून बाहेर पडतो, घराचा मोह मागे टाकतो, कॅमेऱ्याकडे येतो आणि मूठ उंचावून भाषण करतो. भाषण वहीची चार पानं भरून.

कॅमेरावाल्यानं पानं उलटून पाहिली. "हे भाषण हाये का मालगाडी? आणि एक सांगू का, या कॅमेऱ्यात आवाज येत नाही."

"मला माहीत आहे."

"मंग?"

"फिल्म दाखवताना मी पडद्याशेजारी उभी राहून वाचेन. त्याचे ओठ, माझा आवाज."

त्यानं पानं माझ्या हातात परत दिली. मग म्हणाला, "म्हणजे हिरो तो आणि तोंड तुहं. हे तर वर्गात रोजच चालू आहे."

नायक कोण, यावर मात्र वाद नव्हता. आमच्या वर्गात एक उंच, सावळा, रुंद खांद्यांचा मुलगा होता. रुआबांध्याच्या पलीकडच्या एका छोट्या गावातला, इथलाच, छत्तीसगढी. त्याच्या गावाची जमीन प्लांटकडे गेली होती, वडिलांना त्याबदली प्लांटमध्ये खलाशाचं, म्हणजे ओझी उचलणाऱ्या मजुराचं, काम मिळालं होतं. शेती गेली तरी घर अजून उभं होतं. त्यालाही नोटीस आली होती. दिवाळी झाली की पाडणार होते. मला वाटलं, याच्याइतका जळजळीत नायक कुठे मिळणार? शेतकऱ्याचा कामगार झालेलं अख्खं घर!

तो जळजळीत नव्हता. तो डबा उघडून शांतपणे भात खात होता.

"करूँगा," तो म्हणाला. "एक शर्त है. मेरे घर के सामने करेंगे."

"क्यों?"

"घर गिरने वाला है. एक बार फिल्म में आ जाए. माँ के लिए."

मी त्याला समजावलं की फिल्म घराची नाही, विचाराची आहे. एका घराबद्दल हळवं होणं आणि हजारो घरांचा प्रश्न मांडणं, यात फरक असतो. आपल्या नायकानं तर घराचा मोह सोडायचा आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बोटं चाटली आणि पुन्हा म्हणाला, "घर के सामने." मग मी विचार केला, तसाही नायक घरातून बाहेर पडतोच. एक दार लागणारच. त्याचंच घेऊ. घर चार-पाच सेकंद दिसेल, बाकी सगळं मूठ आणि चेहरा. ही तडजोड नसून डावपेच आहे, असं मी स्वतःला सांगितलं. डावपेच हा शब्द बाबांच्या पत्रकांत नेहमी असायचा.

दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी आम्ही निघालो. मी, कॅमेरावाला, आणि माझ्या बाकावरची मैत्रीण. तिचे वडील भंडाऱ्याकडची शेती सोडून प्लांटच्या कोकओव्हन भट्टीवर लागलेले. ती असेल तरच तुला जाऊ देईन, असं आईनं बजावलं होतं. मैत्रिणीचं काम एवढंच की चार पानं हातात धरून नायकाला ओळी सांगायच्या. आम्ही सायकलींवर लाल धूळ खात गेलो. प्लांटची धुराडी मागे मागे येत होती, कितीही पायडल मारलं तरी तेवढीच उंच.

घर मातीचं होतं, पुढे पडवी, वर कवेलू, म्हणजे कौलं. आणि दाराशेजारच्या भिंतीला नायकाची आई छुही लावत होती. छुही म्हणजे पांढरी माती. ती कालवून दिवाळीच्या आधी इकडे भिंती सारवतात. त्याची आई फडकं बुडवायची आणि हात लांब करून कमानीसारखा फिरवायची. ओली माती करडी दिसायची, वाळत आली की पांढरीशुभ्र. अर्धी भिंत झाली होती, अर्धी बाकी होती.

मी चकितच झाले. "हे घर तर पाडणार आहेत ना?" मी नायकाला विचारलं.

त्यानं आईला विचारलं. ती न थांबता म्हणाली, "देवारी आवत हे." दिवाळी येते आहे. झालं. एवढंच उत्तर.

मी कॅमेरावाल्याला म्हटलं, "त्यांना जरा बाजूला व्हायला सांग. कामगार भाषण करतोय आणि मागे बाई भिंत सारवतेय, काय दिसेल ते?"

"मी नाही सांगत. तू डायरेक्टर हायेस."

मी सांगितलं. माझ्या शुद्ध हिंदीत, जनतेचा वगैरे उल्लेख करून. नायकाच्या आईनं प्रेमानं ऐकलं, ओल्या हातानंच मला पडवीत बसायची खूण केली आणि मुलाला काहीतरी म्हणाली. तो हसला. "कह रही है, मिट्टी सूख जाएगी. लड़की को पहले चाय दे."

मैत्रीण पानांच्या आड तोंड लपवून हसत होती. "जनतेनं ऐकलं नाही वाटते तुहं."

पहिला शॉट बरा झाला. नायक दारातून बाहेर आला, उंबऱ्यावर क्षणभर थांबला, मग कॅमेऱ्याकडे चालत आला. त्याची आई कडेला सारवतच होती. मी ठरवलं, जाऊ दे, भाषणात फक्त चेहरा ठेवू.

भाषण सुरू झालं आणि खरी गंमत सुरू झाली. कॅमेऱ्याची चावी अर्ध्या मिनिटात संपायची. नायक मूठ वर करून ऐन "भाइयो" पर्यंत यायचा आणि कॅमेरावाला ओरडायचा, "रुक! चाभी!" मग तो कर्र कर्र चावी देत बसायचा आणि नायक मूठ तशीच वर धरून उभा. खाली घेतली तर पुढचं जुळणार नाही, असं मीच बजावलं होतं. त्याच्या कोपरावर माशी बसली तरी तो हलला नाही. गावातली दोन म्हातारी माणसं येऊन बसली. त्यातल्या एकानं विचारलं, पोराला ही शिक्षा कशाबद्दल आहे?

शिवाय नायक सरकत होता. मी त्याला मध्यभागी उभा करायची, तो दोन ओळी बोलला की डावीकडे पाऊलभर. "बीच में!" मी ओरडायची. तो मान हलवून यायचा. चावी, पुन्हा सुरू, पुन्हा पाऊलभर डावीकडे.

"धूप आँख में आ रही है," तो म्हणाला.

ऊन त्याच्या पाठीमागे होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी मैत्रिणीच्या खांद्यावरून भाषण वाचत होते. ते मला इतकं आवडत होतं की त्याच्याकडे बघायला सवड नव्हती. कॅमेऱ्यातून फक्त कॅमेरावाला बघत होता आणि तो अगदी गप्प होता. तो गप्प असणं हीसुद्धा लक्षात यायची गोष्ट होती.

चार पानांपैकी दीड पान झालं आणि रीळ संपली. पोलादाचे मालक कोण, हे नायक सांगणार, त्याच्या एक ओळ आधी.

रीळ मुंबईला धुवायला पाठवली. ती यायला इतका उशीर झाला की शाळेचं संमेलन होऊन गेलं. त्यात कॅमेरावाल्याची बहीण नाचली आणि तिला बक्षीस मिळालं, हे तो मला आजही ऐकवतो. दरम्यान दिवाळी झाली. पुढच्याच आठवड्यात नायक दोन दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा त्यानं सांगितलं, घर गेलं. ते लोक जवळच्या कुरुद गावी मामाकडे राहायला गेले होते. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. पण तो डबा उघडत होता आणि त्यानं भाताचा अर्धा भाग माझ्यापुढे सरकवला.

रीळ आली ती थंडीत. फिल्म आमच्याच क्वार्टरमध्ये दाखवायची ठरली, कारण आईकडे न फाटलेली पांढरी चादर होती. संध्याकाळी भिंतीवर चादर ताणली. नायक आपल्या आईला सायकलवर मागे बसवून घेऊन आला. ती खुर्चीवर बसेना. माझ्या आईनं तिच्याशेजारी सतरंजीवर बसून घेतलं आणि दोघी एकमेकींची भाषा न येता एकमेकींशी बोलू लागल्या. बाबा मागे उभे होते. मी चादरीशेजारी, हातात चार पानं.

यंत्र खरखरलं. दार दिसलं, नायक बाहेर आला. मी घसा साफ केला. भाषण सुरू झालं, मूठ वर गेली आणि मी वाचायला लागले, "भाइयो! यह जो धुआँ उठ रहा है..."

चादरीवर नायक अगदी डाव्या कडेला होता. अर्धा चेहरा, एक खांदा आणि मूठ. मधोमध होतं घर. पूर्ण घर. दार, पडवी, कवेलू, कोपऱ्यातली उखळ, आणि भिंत सारवणारी त्याची आई. ओल्या करड्या भिंतीवर हळूहळू पांढरं उमटत होतं. एवढं बरोबर मधोमध की ऊन डोळ्यांत येऊन घडणं शक्यच नव्हतं. मी कॅमेरावाल्याकडे पाहिलं. तो फार मन लावून यंत्राकडे बघत होता. मी नायकाकडे पाहिलं. तो आपल्या आईकडे बघत होता.

ती उठून चादरीजवळ गेली होती. "ए दे," ती म्हणाली, हे बघ. तिच्या हाताची सावली चादरीवर पडली. ती माझ्या आईला एकेक गोष्ट दाखवत होती. इथे चूल. इथे सुनेसाठी खोली काढणार होतो. हे कवेलू सासऱ्यानं भाजलेले. मला निम्मं समजत होतं. मी आवाज चढवला. "...और पूछता है कि लोहा..."

"थांब वो बाई," आई म्हणाली. "पाहू दे त्याईले."

बाबांनीसुद्धा मान डोलावली. मी पानं खाली घेतली. नायकाचे ओठ चादरीवर हलत राहिले. ते काय म्हणत होते, हे कोणाला जाणून घ्यायचं नव्हतं. मग रीळ संपली आणि नुसता पांढरा उजेड उरला.

नायकाची आई तशीच उभी होती. मुलाकडे वळून हळूच म्हणाली, तू बाहेर आलास, मग परत कधी गेलास? ते का नाही दाखवलं?

नायकानं माझ्याकडे पाहिलं. मी पानांकडे. माझ्या लिखाणात तो परत जात नव्हता, तीच तर गोष्ट होती.

कॅमेरावाला तेवढ्यात म्हणाला, "मौसी, एक मजा दिखाऊँ?" त्याच्या यंत्राला उलटं चालवायची कळ होती आणि ती दाखवायला तो कधीचा तळमळत होता. त्यानं ती दाबली.

चादरीवर नायक मूठ वरून खाली आणू लागला. मागे त्याच्या आईचा हात भिंतीवरून फिरला आणि पांढरं पुसून घेऊ लागला. "अरे, मोर छुही!" ती ओरडली आणि सगळे खो खो हसलो. तीही हसली. मग नायक पाठमोरा न होताच मागे मागे जाऊ लागला, आमच्याकडे बघत, पावलं उलटी टाकत. अंगण, पडवी. उंबऱ्यावर क्षणभर थांबला. आणि दारातून आत गेला.

यंत्र थांबलं. ती पदरानं हात पुसत सतरंजीवर येऊन बसली.

"हाँ," ती म्हणाली. "अब बने हे." आता ठीक आहे.

कामगारानं मूठ खाली घेणं आणि उलट्या पावली घरात परत जाणं, हे माझ्या वाचनातल्या कुठल्याच पत्रकात बसत नव्हतं. आजही बसत नाही, आणि यावर माझा अजून कॅमेरावाल्याशी वाद होतो. तो म्हणतो, कबूल कर, उलटीच फिल्म चांगली होती. मी म्हणते, दीड पानात चळवळीचं मोजमाप होत नाही.

पण त्या संध्याकाळी मैत्रीण मला कोपरानं ढोसून म्हणाली, "आता तुहं भाषण? उलटं वाचशीन का?" तेव्हा मी चार पानं घडी करून आईला दिली. ती दुसऱ्या दिवशी भजी काढणार होती. आणि कॅमेरावाल्याला मी म्हटलं, "आणखी एकदा लाव."

"सुलटं का उलटं?"

"उलटं," मी म्हटलं.