या कुटुंबाच्या चुका शोधा

सरांनी हाताने लिहिलेलं पान वर धरलं आणि अख्ख्या बॅचला मोठ्यानं वाचून दाखवलं. "सराव दुसरा. या कुटुंबाच्या चुका शोधा." पुढे त्या कुटुंबाचं आडनाव. माझं आडनाव.

बॅच हसली. मागून एकजण म्हणाला, "काय नमुना फॅमिली आहे, सर." सर म्हणाले, "अरे, पुस्तकात नमुनेच द्यायचे असतात." परत हशा. मग ते पान त्यांनी माझ्या कीबोर्डवर आणून टाकलं. "संध्याकाळपर्यंत टाइप करून ठेव."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॉलेज रोडच्या घरांत नुकते कॉम्प्युटर येऊ लागले होते, आणि घरखर्चाचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर शिकायला लोक कॅनडा कॉर्नरच्या चौकात सरांच्या क्लासला यायचे. सॉफ्टवेअर इंग्रजीत. म्हणून सर नवशिक्यांसाठी मराठीत पुस्तक लिहीत होते आणि मी ते टाइप करत होते. मी त्यांच्याच क्लासची. कोर्स झाला तसं त्यांनी मला कामाला ठेवलं. आल्यागेल्याला सांगायचे, "त्यांच्यातली असून हुशार आहे हो." मला ते कौतुक वाटायचं, शप्पथ सांगते.

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खर्च कुठल्या तरी गटात घालावा लागतो. गट कसे पाडायचे हे कळावं म्हणून पुस्तकात दोन कुटुंबं. पहिलं कुटुंब शहाणं, त्याचं बघून शिकायचं. दुसऱ्याच्या चुका काढायच्या. दुसरे आम्ही.

हे सगळं सरांनी माझ्याकडूनच काढून घेतलं होतं. चहा पिता पिता विचारायचे, "तुमच्याकडे काय काय खर्च असतो गं?" मी भडाभडा सांगायचे. आण्णा सातपूरला कंपनीत हेल्पर, आई डबे करते, एप्रिलात जयंतीची वर्गणी, पाहुणारावळा. आमच्या घराचं कोणी विचारतंय याचंच अप्रूप. आमचंही घर पुस्तकात येणार म्हणून मी खूश होते. मूर्ख कुठली.

पान वाचलं. खाली उत्तरं होती. जयंतीची वर्गणी: उधळपट्टी. मुलीचा कॉम्प्युटर क्लास: ऐपतीबाहेरचा खर्च, ताबडतोब बंद करावा.

कुठला क्लास? ह्यांचाच. फी ह्यांनीच मोजून घेतली होती. त्या फीसाठी आईनं डबे वाढवले होते, पहाटेपासून चुलीपुढे असायची.

मग मी पहिल्या कुटुंबाचं पान काढलं. ते मीच टाइप केलं होतं, न बघता. सत्यनारायणाची पूजा: आवश्यक. मुलाचा कॉम्प्युटर क्लास: गुंतवणूक.

क्लास तोच. त्यांच्या पोराला गुंतवणूक. मला ऐपतीबाहेरचा खर्च.

अंगाची लाही लाही झाली. उठले आणि सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, "सर, हे आडनाव काढा."

"अगं, आडनाव काय तुझ्या एकटीचं आहे? किती मनाला लावून घेतेस. बरं, बदलू. तूच सुचव दुसरं. फक्त तुमच्यातलंच असू दे, खरं वाटलं पाहिजे."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू. जागेवर येऊन बसले आणि आडनावं आठवायला लागले. शेजारच्या काकूंचं. मावशीच्या सासरचं. विहारात वंदना शिकवणाऱ्या गुरुजींचं. कुठलंही टाकलं तरी त्या घरची एखादी पोर उद्या कुठल्या तरी क्लासला हे पुस्तक उघडणार. बॅच हसणार. आणि तिनं शिकणं बंद करावं, हे माझ्या बोटांनी लिहिलेलं असणार.

तुमच्यातलंच असू दे. तो शब्द तेव्हा मला ऐकू आला. इतकी वर्षं नुसता कानावरून जात होता.

परत गेले. "आडनाव नाही बदलायचं मला. हा धडाच मी टाइप करणार नाही."

सर पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघून बोलले. "शिकवलं कोणी तुला? डोक्यावर बसवून घेतलं की असंच होतं."

"फी घेऊन शिकवलंत, सर."

"या खुर्चीसाठी बाहेर पोरी रांगेत आहेत."

"बसवा त्यांना."

चपला घातल्या आणि जिना उतरले.

घरी आईला सांगितलं. ती घाबरली. म्हणाली, "एखादं नाव द्यायचं ना बदलून. नोकरी तरी राहिली असती."

"कोणाचं देऊ? तू सांग."

आईनं परात ओढली आणि डब्यांचं पीठ मळायला घेतलं.

पुस्तक आलं. शालिमार चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या चाळलं. दुसरा सराव तसाच होता, आडनाव आमच्यातलंच दुसरं. कोणीतरी टाइप करून दिलं होतं. मी त्या पोरीला दोष देत नाही. पण मी ती पोर होणार नाही, कुठल्याच खुर्चीसाठी. माझ्या पोरी शिकतील, महागातलं महाग शिकतील, आणि जयंतीची पावती दरसाल आधी फाडली जाईल. ज्याला ही चूक वाटते त्यानं माझ्या दारात येऊन, माझ्या तोंडावर, माझं आडनाव घेऊन सांगावं.