पिकवतात, पण खात नाहीत

माझ्या माहेरी सोयाबीन पिकतं, पण घरात शिजत नाही. आज हे वाक्य मी सहज लिहिते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, डोंबिवलीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये ते माझ्या तोंडून निघालं, आणि लोकांनी त्याचा जो अर्थ लावला त्याने आमचं चालतं काम मोडायची वेळ आली.

मी लातूरकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन डोंबिवलीशेजारच्या दिव्याला आले. नवऱ्याची एमआयडीसीतली रंगाची कंपनी बंद पडलेली. आज उघडेल, उद्या उघडेल, असं चाललेलं. तेव्हा काकूंनी मला कामावर घेतलं. काकू डोंबिवली पूर्वेला राहायच्या, मागच्या खोलीत भाजणी आणि पिठं करून विकायच्या. दिव्यात पाण्याची बोंब, म्हणून संध्याकाळी निघताना त्या स्वतः कॅन भरून माझ्या हातात द्यायच्या. "पोराला हेच पाज गं, तिकडचं नको." त्या कॅनच्या वजनाने हात भरून यायचा, पण तो जड लागला असं मी कधी म्हटलं नाही.

माझ्या आधीपासून तिथे आगरी मावशी होत्या. जवळच्याच गावातल्या, शेतं इमारतींखाली गेलेली. धान्य भाजायचं त्यांनी, सोयाबीन उकडून वाळवायचं मी. सगळ्यात जास्त खपायचं ते नाचणी-सोयाबीनचं पौष्टिक पीठ, आणि ते मुख्यतः घ्यायचं ग्राहक मंडळ. मंडळ म्हणजे आसपासच्या इमारतींमधली घरं. महिन्याचं वाणसामान सगळ्यांचं मिळून घाऊक आणायचं, टेम्पो आला की हॉलमध्ये वजन करून वाटून घ्यायचं. त्यांच्या यादीत काकूंचं पीठ होतं, म्हणून आम्हा दोघींना काम होतं.

मग पेपरात यायला लागलं. परदेशातून सोयाबीन येणार, त्यातलं काही जनुक बदललेलं. जनुक हा शब्द मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. कुणी म्हणे काही होत नाही, कुणी म्हणे आज नाही, पुढच्या पिढीत कळेल. मंडळात त्यावर व्याख्यान झालं. दोन दिवसांनी मंडळाचे प्रमुख घरी आले. रिटायर्ड मास्तर, सगळे त्यांना सर म्हणायचे.

"काकू, लोक विचारतायत. पाकिटावर एक ओळ टाका, यात जनुक बदललेलं काही नाही म्हणून. विषय मिटला."

"मला माहीत असल्याशिवाय कशी टाकू?"

"मग माहिती काढा. पुढच्या बैठकीत ठरवायचंय, पीठ यादीत ठेवायचं की नाही."

सर गेल्यावर मावशी म्हणाल्या, "आता काय दान्याला जाऊन विचारायचा, तू कोनाचा रं?" मी हसले नाही. कंपनी बंद, त्यात हेही गेलं तर गावाला परत जायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

काकू मला घेऊन कल्याणच्या बाजारात गेल्या. व्यापारी ओळखीचा होता.

"ताई, सोयाबीन म्हणजे सोयाबीन. चार ठिकाणचा माल एका ढिगात."

"परदेशी नाही ना?"

"लिहून पाहिजे? काय लिहू ते सांगा, बिलावर शिक्का मारून देतो."

काकू तशाच उठल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "नुसतं नाही म्हणाला असता तरी मी विश्वास ठेवला असता गं."

मला वाटलं, आपल्या घरचंच आणलं तर? एसटीडी बूथवरून भावाला शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावून घेतलं.

"दादा, आपलं बियाणं कुठलं रे?"

"दुकानातलं."

"पिशवीवर काय लिहिलंय?"

"बैलजोडी काढलीय. लई झ्याक बैल हायत."

"आणि लिहिलंय काय?"

"बारीक इंग्रजीत हाय कायतरी. का गं? तिकडं बैल पायजे का?"

मीटरचे आकडे पळत होते. मी फोन ठेवला. काकूंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ पीठ चाळत राहिल्या.

बैठकीला काकूंनी मला सोबत नेलं. हॉल भरलेला. एक जण म्हणाला, "आम्ही काय खातोय ते कळण्याचा आम्हाला हक्क आहे की नाही?" टाळ्या पडल्या. मलाही ते पटत होतं. माझं पोरही तेच पीठ खात होतं. मग सर म्हणाले, "काकूंकडे काम करणाऱ्या या बाई सोयाबीनच्या भागातल्या आहेत. यांनाही विचारा."

मांडीवर मूल घेतलेल्या एका बाईने विचारलं, "तुमच्या गावी मुलांना सोयाबीन कशात घालून देता हो?"

मी उभी राहिले. "आमच्याकडे नाही देत."

"म्हणजे?"

"पिकवतात. पण खात नाहीत."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकलंत? पिकवणारेच खात नाहीत!"

मला पुढचं सांगायचं होतं. की आमच्याकडे ते पीक नवीन, सगळं तेलाच्या मिलला जातं. कच्चा वास येतो, तो घालवायला उकडावं लागतं, हे गावात कुणी करत नाही. पण शाळेत बाईंनी उभं केल्यावर बसायची, तशी मी मधेच खाली बसले. त्या बाईने मुलाला छातीशी ओढून घेतलं. कुणी म्हणालं, "कापूस खातात का? तसंच असेल." कुणी हसलं. पण चेहरे फिरलेले मला दिसत होते.

काकू उठल्या. "वास येतो म्हणून खात नाहीत. उकडायचं हिला मीच शिकवलं. ते सोडा. सर, तुम्ही म्हणता तशी ओळ मी लिहू शकत नाही."

"मग बदललेलं आहे असं लिहिणार?"

"तेही मला माहीत नाही. व्यापाऱ्याला माहीत नाही, पिकवणाऱ्याला माहीत नाही."

"अहो, मग पाकिटावर लिहिणार तरी काय?"

"हेच. सोयाबीन आहे, बियाणं कुठलं ते माहीत नाही."

"माहीत नाही असं कुणी पाकिटावर छापतं का, काकू?"

"मी छापीन. तुम्हाला कळायला हवं ना? मला जेवढं कळलंय तेवढं कळवते."

वाद बराच चालला. शेवटी सर म्हणाले, यादीत राहू दे, ज्याचं त्याने ठरवावं. परतताना मी काकूंच्या मागे मागे चालत होते. बोलणी खायची तयारी होती. त्या वळून म्हणाल्या, "खरं तेच बोललीस. आता डोळे पूस, रस्त्यात लोक बघतात."

पुढच्या महिन्यात मंडळाची मागणी आली. निम्मीही नव्हती. काकूंनी कागद ओट्यावर ठेवला आणि आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "दोघींना पुरेल एवढं काम आता नाही गं."

मावशी जुन्या. हॉलमध्ये तोंड उघडलं ते मी. कोण जाणार ते विचारायचीही गरज नव्हती. मी पदराला हात पुसले आणि रिकामा कॅन उचलला. म्हटलं, आजचं पाणी तरी भरून घ्यावं.

"काकू, मी नाय येत उद्यापासून," मावशी कढईवरून म्हणाल्या. "चाळीत भारेकरू ठेवलेत. त्यांचे मागं लागाला कोन तरी घरी पायजे." मग माझ्याकडे वळून, "तू काय बगतंस? धर हा झारा. करपल."

मी झारा घेतला. भाडेकरू तर मी यायच्या आधीपासून होते, हे मला ठाऊक होतं. काकूंनाही. मी नाचणी हलवत राहिले, कारण ती खरंच करपायला आली होती.

पुढे बरेच महिने पाकिटावर ती ओळ मीच चिकटवत होते. मागणी थोडी वाढली, पहिल्याएवढी कधीच झाली नाही. त्यात माझं भागलं.

एकदा मावशी नातवाला कडेवर घेऊन आल्या. पाकीट उलटंसुलटं केलं. "वाच गो, काय लिवलंय?"

"बियाणं कुठलं ते माहीत नाही."

"म्हाईत नाय?" त्या हसून हसून खोकल्या. "येवराच त मी पन लिवून दिला असता!"

मी विचारलं, "मावशी, नेणार का मग?"

त्यांनी नातवाकडे बघितलं. मग पाकिटाकडे. हसणं थांबलं होतं.

"तुझा पोर खातं?"

"खातो."

"मंग दे," त्या म्हणाल्या, आणि कमरेची पिशवी सोडायला लागल्या. काकू आतून ओरडल्या, तिच्याकडून पैसे घेशील तर खबरदार.