मोबाईलमध्ये न मावणारे फोटो

पासपोर्टचा फोटो काढायला जो कोणी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसे, त्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावं लागे, "हलू नका!" त्यावरून गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'हलूनका' ठेवलं, आणि मोठ्या माणसाला नुसती हाक कशी मारायची म्हणून पुढे आणखी एक 'का' जोडला. झाले हलूनकाका. त्यांना ते आवडायचं. बत्तीस वर्षं एका जागी दुकान चालवून साधं टोपणनाव मिळालं नाही तर मिळवलं काय, असं म्हणायचे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला निळा पडदा, पांढऱ्या छत्र्यांचे दोन दिवे आणि खुंटीवर एक काळा कोट. ज्याला फोटोपुरतं साहेब व्हायचं असेल त्यानं तो चढवायचा. कोट शिवला होता मागच्या गल्लीतल्या मावशींनी. शाळांचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला. नवरा लवकर गेल्यावर दोन मुलगे आणि एक मुलगी त्यांनी त्या मशीनवरच वाढवली. काकांशी त्यांचं नातं रक्ताचं नव्हतं, पण काकांना 'अरे-तुरे' करणारं त्या भागात त्यांच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

फोटो काढण्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण फोटो काढून झाल्यावर पुढे जे काही असतं, ते त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. फिल्म गेली आणि डिजिटल कॅमेरा आला, तेव्हा लॅपटॉप विकणाऱ्यानं त्यांना पाच पायऱ्या शिकवल्या. वायर कुठे खुपसायची, कुठल्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची, वगैरे. काकांनी त्या पाच ओळी कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आणि त्यांच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. कोणी काही नवीन सांगायला लागलं की ते त्याला मध्येच तोडत, "आपलं काम फोटो काढायचं. बाकीचं यंत्र बघेल."

एका गुरुवारी यंत्रानं डोळे मिटले. लॅपटॉप सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, आठवडा लागेल. आणि नेमकं शनिवारी दुपारी मावशींची मुलगी दुकानात आली.

"काका, कॅमेरा घेऊन घरी याल का? आत्ता?" ती धापा टाकत होती. "आईचा उजवा डोळा तर कधीचाच गेलाय, आता डाव्यात रक्त उतरलंय. सोमवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात प्रयत्न करू, पण शब्द देत नाहीत. दोघं भाऊ आलेत, पण तासाभरात निघायचंय त्यांना. मोठ्याचं जहाज उद्या सुटतं. अकरा वर्षांत आम्ही तिघं एका खोलीत आलो नव्हतो. आई म्हणते, डोळा जायच्या आधी तिघांना एकत्र बघायचंय."

"समोरच तर आहेत की सगळे," काका म्हणाले.

"समोरचं तिला धुकं दिसतं. पण मोबाईलचा पडदा नाकाशी धरला आणि चित्र मोठं केलं की दिसतं अजून. उजेड असतो ना त्याला."

काका गेले. शिवणयंत्र बाजूला सरकवून त्यांनी बाक भिंतीला लावला, मावशींना मधोमध बसवलं, मुलांना मागे उभं केलं. शेजारीण हौसेनं आपला मोबाईल घेऊन पुढे आली, तशी काकांनी तिला हातानंच थांबवलं. "तो ठेवा आत. दोन-दोन कॅमेरे समोर असले की नजरा वेगवेगळीकडे जातात." शेजारीण ओशाळून मागे सरली. काकांनी भरपूर फोटो काढले. एकदा धाकट्यानं आईच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मावशी तोंडभर हसल्या. तो क्षणही काकांनी अचूक टिपला. मग दोघं मुलगे आईच्या पाया पडून, सामान उचलून एकाच गाडीतून गेले.

"दाखव बघू," मावशी म्हणाल्या.

काकांनी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा पडदा त्यांच्या डोळ्याजवळ नेला. मावशींनी मान तिरकी केली, पुन्हा सरळ केली. "मुंग्या दिसतायत रे नुसत्या."

"मग मोबाईलवर घ्या ना, काका," मुलगी म्हणाली. "मोठं करून दाखवते मी तिला."

कॅमेऱ्यातला फोटो लॅपटॉपशिवाय मोबाईलमध्ये कसा न्यायचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नेता येतो हे मात्र ठाऊक होतं. हल्लीची तरणी फोटोग्राफर मंडळी लग्नात तिथल्या तिथे नवरीच्या मोबाईलवर फोटो पाठवतात, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. 'मला येत नाही,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण शेजारीण दारात उभी होती, तिचा मोबाईल अजून तिच्या हातात होता.

"ताई, हा काही मोबाईलचा कॅमेरा नाही," काका जाणकाराच्या आवाजात म्हणाले. "यातले फोटो फार मोठे असतात. मोबाईलमध्ये मावत नाहीत. आधी लॅपटॉपवर घेऊन बारीक करावे लागतात आणि लॅपटॉप गेलाय दुरुस्तीला. सोमवारी सकाळी दहाला मोठी लॅब उघडते. चांगला भलामोठा छापूनच आणतो."

"ऑपरेशन अकराला आहे. जमेल ना?"

"जमेल म्हटलं ना."

मावशी म्हणाल्या, "असू दे गं. त्याला त्याच्या कामातलं कळतं." हे वाक्य काकांना रस्ताभर टोचत राहिलं.

रविवारी सकाळी त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि रस्ता ओलांडला. समोरच मोबाईलची कव्हरं, चार्जर, वायरी विकणाऱ्या बाईचं दुकान होतं. तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, यात शंका नव्हती. अडचण वेगळीच होती. वर्षभरापूर्वी याच बाईच्या तोंडावर काका चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले होते, "या डबड्यांनीच आमच्या कलेचं वाटोळं केलं." बाई नंतरही समोरासमोर आली की मान डोलवायची, आणि काका दुसरीकडे बघायचे.

"या काका, काय हवंय?" तिनं विचारलं.

"काही नाही. किती वाजले, बघत होतो."

बाईची नजर काकांच्या मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. काकांचे कान तापले. ती "साडेदहा" म्हणाली तेव्हा काका निम्मा रस्ता परत गेले होते. खिशातलं कार्ड खिशातच राहिलं. घरी बायकोनं विचारलं, "झालं का मावशींचं काम?" तर तिलाही म्हणाले, "उद्या होतंय."

सोमवारी सकाळी आठला मावशींच्या मुलीचा फोन आला. "काका, ऑपरेशन अलीकडे घेतलंय. आधीचा पेशंट आलाच नाही. आम्ही निघालोय. आई विचारतेय, काही करून एखादा तरी फोटो दिसेल का?"

आता मात्र काकांनी चपलाही नीट घातल्या नाहीत. कव्हरवाली नुकतं शटर वर सरकवत होती. काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, कार्ड पुढे केलं आणि म्हणाले, "हे फोटो माझ्या मोबाईलमध्ये घ्यायचेत. मला येत नाही."

तिनं शटर अर्ध्यावरच सोडलं, वाकून आत शिरली आणि अंगठ्याएवढी एक डबी घेऊन आली. "हा कार्ड रीडर." डबीच्या एका तोंडात तिनं कार्ड सरकवलं आणि दुसरं टोक मोबाईलच्या चार्जिंगच्या भोकात बसवलं. पडद्यावर काहीतरी विचारणारी चौकट आली. तिनं 'हो' दाबलं. फोटोंची रांग उभी राहिली. तिनं सगळे निवडले, कॉपी केले. एक हिरवी रेघ डावीकडून उजवीकडे सरकली आणि संपली.

"झालं," ती म्हणाली.

"झालं?"

"झालं की. आणि काका, कॅमेरा कुठला आहे तुमचा? त्यावर वायफायची खूण असेल बघा, तीन कमानी एकावर एक. असेल तर कार्डसुद्धा काढायला नको. मोबाईलमध्ये त्या कंपनीचं ॲप घ्यायचं, कॅमेऱ्यातलं वायफाय चालू करायचं, फोटो आपोआप येतात."

ती खूण काकांनी चार वर्षं रोज पाहिली होती. त्यांना ती नक्षी वाटायची.

बाईनंच मावशींच्या मुलीच्या नंबरवर फोटो पाठवून दिला. फोटोखाली एकच बरोबरची खूण उमटली. दुसरी उमटेना, म्हणजे फोटो पोहोचला नव्हता. काका थांबले नाहीत, मिळाली त्या गाडीनं हॉस्पिटल गाठलं. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीबाहेर मुलगी बाकावर बसली होती. मांडीवर आईच्या बांगड्या, चष्मा, कवळी. तिचा फोन नर्सनं बंद करायला लावला होता.

"पाच मिनिटं झाली आत नेऊन," ती म्हणाली.

काकांनी नुसता मोबाईल पुढे केला. तिनं तो घेतला. दोन बोटांनी आईचा चेहरा मोठा केला, मग भावांचे. तोंडभर हसणाऱ्या आईकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग वर न बघताच म्हणाली, "मावले की, काका."

ती ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं. ते भिंतीला टेकून उभे राहिले. बाकावर जागा असूनही त्यांना बसवेना.

ऑपरेशन झालं. आठ दिवसांनी पट्टी सुटली. महिनाभर थेंब घातले, तपासण्या झाल्या. दिवस आहे की रात्र, एवढं मावशींना कळतं. त्यापलीकडे काही नाही. डॉक्टर म्हणाले, यात कोणाची चूक नाही. काकांनी ते ऐकलं, पण त्यांचा हिशोब डॉक्टरांशी नव्हताच. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत मावशींना दिसत होतं, आणि फोटो त्यांच्या खिशात होता.

महिनाभर काकांनी मागच्या गल्लीकडे पाऊल वळवलं नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "तोंड लपवून किती दिवस जगणार? जा, आणि खरं काय ते बोला." तिला त्यांनी सगळं सांगितलं होतं. सांगताना तिच्याकडे पाठ करून भांडी पुसत होते.

मावशी खिडकीशी बसल्या होत्या. पावलावरूनच ओळखलं त्यांनी. "ये. आठवण झाली म्हणायची."

काका खाली जमिनीवरच बसले. "मावशी, मी खोटं बोललो. फोटो मोबाईलमध्ये मावत नाहीत असं काही नसतं. मला येत नव्हतं. लाज वाटली म्हणून थाप मारली. रविवारी समोरच्या दुकानात दोन मिनिटांत झालं असतं. मी तिथपर्यंत जाऊन परत आलो."

आतून मुलगी भांडी ठेवत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मला वाटलंच होतं," मावशी म्हणाल्या. "शिवणातलं न येणारं काम आलं की मीही त्या दिवशीच्या तुझ्यासारखाच जाणकाराचा आवाज काढायची. पण मी कापड परत करायची रे." मग म्हणाल्या, "बरं नाही केलंस. मी रविवारी दिवसभर वाट बघितली. दोनदा लेकीला म्हटलं, फोन लाव त्याला. ती म्हणाली, कामात असतील."

काकांनी मान वर केली नाही. मावशींना दिसत नव्हतं, तरी वर केली नाही.

"आता सांग तरी काय आहे त्यात. कोण कुठे उभंय?"

काकांनी मोबाईल काढला. "मोठा डावीकडे. उजेड त्याच्या गालावर..."

"उजेड नको. तो कसा दिसतो?"

आणि काकांच्या लक्षात आलं की महिनाभर हा फोटो जवळ बाळगूनही त्यांनी फक्त उजेड पाहिला होता. नजरा जुळल्यात का, कोणी हललं का, एवढंच. त्यांनी पडदा मोठा केला आणि पहिल्यांदाच एकेक चेहरा बघितला. "दाढी पिकलीय त्याची. डोळ्यांखाली काळं आहे. झोप झालेली दिसत नाही. वरची गुंडी तुटलीय."

"तुटलीय? मग लावली का नाही कोणी!" मावशी चिडल्या. "आणि धाकटा?"

"धाकट्याला टक्कल पडलंय."

"चल! मला म्हणाला केस बारीक कापलेत!" त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं.

मुलीनं पाण्याचा पेला आणून काकांसमोर ठेवला. लगेच आत वळली. पुढे तिला नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता, तो तिनं दुसरीकडून काढून आणला. काकांना ते कळलं आणि त्यांना ते रास्तच वाटलं.

काकांचं दुकान अजून चालू आहे. कॅमेऱ्यातलं वायफाय ते आता वापरतात, कधी जोडलं जातं, कधी नाही. गिऱ्हाईक असं काही विचारतं जे त्यांना ठाऊक नसतं. मग ते म्हणतात, "मला येत नाही. थांबा, विचारून येतो." दर वेळी हे बोलताना त्यांचे कान गरम होतात. ते होतच राहतात, आणि काका तसेच रस्ता ओलांडतात.