एकाच नंबरची वस्ती

"कोणाचा? कशापायी?"

हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मामांनी कधी कोणाला आकडा दिला नाही. आधी गळ्यातल्या दोरीला धरून बंडीच्या आतली लोकरीची पिशवी वर ओढायची, तिच्यातून बटणांचा फोन काढायचा, हात लांब करून तो डोळ्यांपासून दूर धरायचा. पलीकडच्या माणसानं नाव आणि काम नीट सांगितलं की मगच म्हणायचं, "हां, लिवा. बावन्न. अठ्ठावीस. जिरो सात." जोडीजोडीनं सांगायचे, कारण जन्मभर त्यांनी मेंढरं तशीच मोजली होती, वाड्याच्या तोंडाशी उभं राहून, दोन-दोन. माझ्यासमोर बसलेलं गिऱ्हाईक हमखास गोंधळायचं. मी ओरडायचे, "मामा, सावकाश!" की मामा पुन्हा पहिल्यापासून सुरू, तितक्याच वेगानं.

आकडा म्हणजे ओटीपी. आता तुम्ही म्हणाल, ओटीपी ज्याचा त्याच्या फोनवर येतो, मध्येच हे मामा कोण? तर ते माझंच कर्तृत्व आहे. सांगते.

तीर्थपुरीत बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. वडील कचेरीत कारकून होते, त्यामुळे फॉर्म भरायची सवय घरातूनच. दुकान टाकण्याआधी मी आधार कार्डाच्या शिबिरांत मशीनवर बसायचे. गावापासून कोसभर अंतरावर मेंढपाळांची वस्ती आहे, तिथं आमचं शिबिर लागलं. ऊन मरणाचं, वीज घडीत आहे घडीत नाही, आणि फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना. वस्तीवर तेव्हा फोन एकच, मामांचा. पहिल्या म्हातारीला मी नंबर विचारला तर ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मागून मामा म्हणाले, "माझा टाका की ताई. त्यात काय हाय?"

मी टाकला. दुसऱ्यालाही टाकला. तिसऱ्यापासून विचारणंसुद्धा सोडून दिलं. दोन दिवसांत अख्खी वस्ती उरकली आणि काम झटपट केलं म्हणून माझं कौतुकही झालं. त्या वेळी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

मग हळूहळू सगळंच ऑनलाइन झालं. रेशन, निराधारांची पगार, पीकविमा, शिष्यवृत्ती. जातीचे दाखले आणि गुणपत्रिका फोनमधल्या लॉकरात जाऊन बसल्या, आणि लॉकर उघडायचं तर आकडा हवा. वस्तीवर कोणाचंही काम निघो, आकडा यायचा मामांच्या फोनवर. बरं, त्या मेसेजमध्ये नाव नसतं. दोघांचे आकडे एकदम आले तर कोणाचा कुठला, हे देवालाही कळायचं नाही. म्हणून मामांनी स्वतःच नियम केला. आधी फोन करायचा, नाव सांगायचं, काम सांगायचं, मग माझ्याकडून आकडा सोडायला लावायचा. एका वेळी एकच माणूस. घाई केली की म्हणायचे, "जल्दी हाय तर बँकेत जा."

वस्तीवर रेंज फक्त टेकाडावरच्या लिंबाखाली. त्यामुळे सकाळी भाकरी बांधून मामा तिथं जाऊन बसायचे ते दिवस मावळेपर्यंत. कोणी त्यांना बसवलं नव्हतं, पण उठूही दिलं नव्हतं. शेजारच्या आडावर पाणी प्यायला गेले तरी मागून हाक यायची, "मामा, कुठं निघाले? आकडा येऊन राह्यला माझा!"

शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस, पण काय पक्का! एकदा वस्तीवरचा एक जण माझ्याकडं आला. आईच्या लॉकरातून जमिनीचे कागद काढायचे म्हणाला. मी म्हटलं, लावा मामांना फोन. त्यानं लावला.

"कोणाचा?"

"मायचा."

"कशापायी?"

"तिच्या पगारीचं काम हाय, मामा."

"मंग तिला फोनवर घे."

"ती घरी हाय."

"मी चाललो तिच्या घरी. ती हां म्हणली की देतो."

हा पठ्ठ्या घाम पुसत बसला. पाऊण तासानं मामांचा फोन आला. "ती न्हाई म्हणते. बिलकुल न्हाई." एवढं बोलून ठेवला. पोरगा जाता जाता मला आणि मामांना दोघांना शिव्या देऊन गेला. ही गोष्ट मामांनी वस्तीवर कुठं बोलून दाखवली नाही. त्याच माणसाच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा आकडा महिन्याभरानं आला, तोही त्यांनी नेहमीसारखाच दिला. कोण कर्ज काढतंय, कोणाची सून माहेरचा पत्ता लावतेय, कोण वाटणी मागतंय, सगळं त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं आणि त्यांच्याशीच थांबायचं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला आवडत नाही.

ही माणसं दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात. वाटूर, मंठा करत लोणारच्या बाजूला डोंगरात जायचं आणि पावसाच्या तोंडाशी परत यायचं. मामाही दरवर्षी जायचे, पण आकड्यांचा रेटा वाढला तशी वस्ती कुरकुरायला लागली. अशाच एका वर्षी मामा गेले. आणि तिसऱ्याच दिवशी वस्तीवरची एक मुलगी रडत माझ्या दुकानात आली. नर्सिंगच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, दाखला लॉकरात, आणि मामांचा फोन लागेना. मी वीस वेळा लावला. शेवटी तिच्या काकाला मोटरसायकलवर पाठवलं. म्हटलं, फोन तेवढा घेऊन या.

संध्याकाळी पाचला मोटरसायकल आली, तिच्यावर मागं मामा. डोक्यापासून पायापर्यंत धूळ. फोन दुसऱ्याच्या हातात द्यायला ते तयार नव्हते, म्हणून मेंढरं सोडून स्वतःच आले होते. आकडा आला, दाखला निघाला, प्रवेश झाला. मुलीनं पेढे आणायला भावाला पळवलं. आणि मी, माझी जीभ तिखट, अख्ख्या तीर्थपुरीला माहीत आहे, मी सगळ्यांसमोर मामांना म्हटलं, "तुम्हाला काही जबाबदारी आहे की नाही? एवढ्या लोकांचं तुमच्यावर अवलंबून आहे आणि तुम्ही खुशाल डोंगरात जाऊन बसता?"

मामा खाली बघत म्हणाले, "चुकलं ताई."

काय चुकलं होतं त्यांचं? नंबर मी टाकला होता. विचारलं नव्हतं, समजावलं नव्हतं, एका आडदांड बाईनं काम उरकायचं म्हणून उरकलं होतं. पण त्या वेळी मला हे सुचलं नाही. मी पेढा खाल्ला.

त्यानंतर मामा मेंढरामागं गेले नाहीत. मुलगा आणि बायको जायचे, मामा मागं राहायचे. सहा हिवाळे. एकटा माणूस, स्वतः भाकरी थापायची आणि टेकाडावर जाऊन बसायचं. मी म्हणायचे, "मामा, छान आराम आहे की!" त्यावर ते हसायचे. दुकानात आले तर भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा बघत उभे राहायचे. अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे तेवढे यायचे, पण रस्ता कुठून कुठं जातो ते बोटानं बराबर दाखवायचे. "हितं नाला हाय. हितं बाभळीच्या शेंगा लई. हितं पाटलाची इहीर, पाणी पिऊ देतो बिचारा."

एकदा मी एका आजारी बाईचे कागद करायला वस्तीवर गेले होते. टेकाडावर चढले तर मामा फोन कानाला लावून बसलेले. बोलत काही नव्हते. मला वाटलं कोणी तक्रार करतंय आणि हे ऐकून घेताहेत. जवळ गेले तर फोनमधून मेंढरांचं ओरडणं येत होतं. एवढा मोठा आवाज की मला चार हातांवरून ऐकू आला.

"मुलगा रेंजमध्ये आल्ता," मामा म्हणाले. "त्याला म्हणलं, फोन मेंढरात ठेव जरा."

आणि मग घाईघाईनं फोनमध्ये, "ठेव आता. कोणाचा तरी आकडा अडकायचा."

मी कागद न करताच घरी आले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला मी खुंट्याला बांधून ठेवलाय, आणि वर आराम आहे म्हणून चिडवतेय. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस मी दुकानात कोणाशी धड बोलले नाही.

नंबर बदलणं अवघड नाही हो. माणसानं स्वतः तालुक्याला जायचं, मशीनवर बोट ठेवायचं, नवा नंबर द्यायचा. वस्तीवर आता घरोघर फोन होते. मी घरोघर जाऊन सांगितलं. सगळे माना डोलवायचे आणि म्हणायचे, "मामा हायेत की! कशाला दिवस मोडायचा?" एक जण तर म्हणाला, "मामांना तरी दुसरं काय काम हाय?" त्याला मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण जागचं कोणी हललं नाही.

मग मी सरळ थाप मारली. दुकानाच्या दारावर कागद चिकटवला: एका नंबरवर अनेकांची कार्डं असतील तर दिवाळीनंतर ती सगळी बंद होतील. असा काही नियम नव्हता. पण वस्तीवर आग लागल्यासारखी पळापळ झाली. जीप भरभरून लोक तालुक्याला गेले. जे सहा वर्षांत झालं नव्हतं ते तीन आठवड्यांत झालं.

मामांनी मला विचारलं, "ताई, खरंच सरकारनं सांगितलं का?"

"हो," मी म्हटलं.

फोनवरून माणसाचं खोटं ओळखणारा माणूस तो. मग म्हणाला, "बराबर."

शेवटी उरली एक आजी. अंथरुणाला खिळलेली, पुढंमागं कोणी नाही, घरात फोन नाही. मशीनवाल्याला विनवून घरी आणला. तिची बोटं झिजून गुळगुळीत झालेली. साबणानं धुतली, पदरानं पुसली, पुन्हा ठेवली, असं अकराव्या वेळी कुठं एक बोट उमटलं. मशीनवाल्यानं विचारलं, नंबर कुठला? सगळे मामांकडं बघायला लागले. मामांचा हात पिशवीच्या दोरीकडं गेलाही होता.

"माझा टाका," मी म्हटलं.

आता त्या आजीची पगार असो, रेशन असो, आकडा माझ्या फोनवर येतो. मी माहेरी गेले तरी फोन उशाशी लागतो. एकाच बाईचा आहे, तरी कधी कधी जीव मेटाकुटीला येतो. मामांकडं वस्ती होती.

नंतर चार-पाच दिवस मामा टेकाडावर तसेच जाऊन बसत होते. एकदा दुकानात आले, पिशवीतून फोन काढून माझ्यासमोर ठेवला. "बंद पडला का बघा ताई. सकाळधरनं कोणाचाच आला न्हाई."

फोन चांगला होता. मी सांगितलं, "मामा, आता कोणाचाच येणार नाही. झालं सगळं." आणि पुढचं बोलायला मला फार जड गेलं, पण बोलले. "सहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. चूक माझी होती. मला माफ करा."

मामा गडबडले. कोणी माफी मागितली तर काय करायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. "आवो, त्याचं काय घेऊन बसल्या," म्हणत त्यांनी फोन पुन्हा पिशवीत घातला, नकाशावर एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "वाटूरची गाडी किती वाजता हाय?"

मेंढरं पुढं निघून आठवडा झाला होता. मामा घोंगडी आणि काठी घेऊन एसटीत चढले. खिडकीतून हातबित काही हलवला नाही. सरळ समोर बघत बसले होते.

पंधरा दिवसांनी मला राहवेना. पोचले का, मेंढरं सापडली का, तब्येत कशी आहे, म्हणून मी फोन लावला. लागला. पण पलीकडं कोणी भलताच माणूस, आणि मागं गाड्यांचे हॉर्न.

"मामा कुठं आहेत? तुम्ही कोण?"

"मी वाटूरच्या फाट्यावरून बोलून राह्यलो, ताई. चहाची गाडी हाय माझी. एक म्हातारा चहा प्याला अन् हा फोन हितंच ठेवून उठला. मी हाक मारली, बाबा, इसरला. म्हणला, इसरलो न्हाई, राहू दे तुला."

अख्ख्या वस्तीचे नंबर बदलले होते, पण मामांचं स्वतःचं कार्ड, स्वतःचं रेशन, सगळं अजून त्याच नंबरवर. आम्हा कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"अहो, त्यांना सांगायचं ना! त्यांचा स्वतःचा आकडा त्याच फोनवर येणार. त्याच्याशिवाय त्यांना कोण ओळखणार?"

"म्हणलो मी तसंच. म्हणलं, बाबा, उद्या ओटीपीचा आकडा लागला तर कुठं शोधशील मला?" चहावाला हसला. "तर म्हणला, मी मेंढरामागं चाललो. तिकडं कोण इचारतंय?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं बसली होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला त्याची काही लाज वाटत नव्हती.

"ताई, कोणी घ्यायला येतंय का फोन?" चहावाल्यानं विचारलं. "का राहू देऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं.