बाहेरून कुलूप, आत आम्ही

खट्.

पितळी कुलूप बाहेरून लागल्याचा आवाज. घर माझं, आणि मी आत.

वीस-बावीस वर्षं झाली. अजूनही रविवारी चार वाजले की कानात तो खट् होतो.

सुनंदा, माझी बायको, जाऊन आज एक वर्ष झालं. अशा दिवशी लोक बायकोबद्दल गोड गोड लिहितात. मला आज तिच्याशी भांडायचंय. वर्षभर भांडायला घरात कोणी नाही.

आमची मुग्धा तेव्हा सीए फायनलला बसत होती. बसत होती आणि नापास होत होती. चार वेळा झालं तसं. चौथ्या निकालाला म्हणाली, "बाबा, बास. मी कुठेतरी साधी नोकरी बघते."

मी म्हणालो, "बघ बाई, तुझं तू ठरव."

सुनंदा दुसऱ्या दिवशी मार्केटमधून कुलूप घेऊन आली.

पद्धत अशी. शनिवार-रविवार चार ते आठ, म्हणजे पाहुण्यांची वेळ. शेजारच्या पिंगळे वहिनी बाहेरून कुलूप घालणार. आम्ही तिघं आत, चपलासुद्धा आत. कोणी आलंच तर वहिनी सांगणार, "गावाला गेलेत हो."

"अगं, आग लागली तर?"

"पिंगळे वहिनी आहेत."

"मला हार्ट अटॅक आला तर?"

"आठपर्यंत थांबा."

वर तिची शेवटची अट. "आणि कविता मनात म्हणायच्या."

हे म्हणजे अती झालं. शाळेतल्या कविता मी जन्मभर मोठ्याने म्हणत आलोय. आंघोळ करताना, कोथिंबीर निवडताना. मनात म्हणायला तो काय नवस आहे?

आता अरविंदबद्दल सांगायला हवं. कल्याणच्या शाळेत तो माझ्याच बाकावर. आमचे मराठीचे सर कविता वाटून म्हणवून घ्यायचे. डावीकडच्यांनी पहिली ओळ, उजवीकडच्यांनी दुसरी. अऱ्या डावीकडे, मी उजवीकडे.

त्यानंतर चाळीस वर्षं अऱ्या कल्याणहून आमच्याकडे यायचा, पण बेल त्याने कधी वाजवली नाही. दाराबाहेर उभा राहून पहिली ओळ म्हणायचा. मी आतून दुसरी म्हणत दार उघडायचो. कोपरीतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ते पाठ होतं.

पुढे काय झालं ते कळलंच असेल.

एका रविवारी साडेपाचला जिन्यात पावलं. पिंगळे वहिनींचा आवाज, "गावाला गेलेत हो."

"अरेच्चा! बोलला नाही काही," अऱ्या म्हणाला.

आणि जाता जाता, बंद दाराकडे बघून, आपली एक गंमत म्हणून त्याने पहिली ओळ म्हटली.

मी आतून दुसरी म्हणून टाकली.

खणखणीत.

सुनंदाने कपाळावर हात मारला. मुग्धाचं पेन थांबलं.

मग अऱ्या म्हणाला, "बरं."

एवढंच. आणि जिना उतरून गेला.

तो परत आला नाही. मी फोन केला की त्याच्या घरून उत्तर यायचं, "गावाला गेलेत."

त्या दिवशी कुलूप निघाल्यावर मी सुनंदावर भडकलो. "असला कसला अभ्यास, की जिवाभावाचा माणूस दारातून परत जातो? माझ्या आवाजाने काय बिघडणार होतं तिचं?"

तिने मला स्वयंपाकघरात ओढलं. हळू आवाजात म्हणाली, "आवाजाचा त्रास नाही हो तिला. लोक येतात आणि एकच विचारतात, 'काय गं, यंदा तरी होणार ना?' मागच्या महिन्यात अरविंद भावजींनीच विचारलं. प्रेमानेच विचारलं. नंतर पोरगी नळ सोडून बाथरूममध्ये रडत होती. तुम्ही बाहेर कविता म्हणत होतात."

मला नळसुद्धा ऐकू आला नव्हता.

"मग सांगतो ना त्याला तसं."

"खबरदार! आपल्यामुळे ती रडली, हे ऐकून त्यांना जन्मभर टोचत राहील. त्यापेक्षा रागावलेले बरे. तिचं होऊ दे, मग मी स्वतः जाईन कल्याणला. तुम्ही बोलायला गेलात तर घोळ घालाल."

पाचव्या वेळीही नाही झालं. कुलूप चालूच.

सहाव्या वेळी झालं.

आज कोलशेतला मुग्धाचं स्वतःचं ऑफिस आहे, दारावर नावाची पाटी आहे. सत्काराला लोक तिच्या चिकाटीबद्दल बोलतात. ती होतीच. पण शनिवार-रविवार कोंडून घेतलेल्या तिच्या आईबद्दल कोणी बोलत नाही. पिंगळे वहिनींचं तर नावही नाही.

आणि सुनंदा कल्याणला गेली का?

छे! आधी मुग्धाचं लग्न, मग गुडघे, मग ते आजारपण. दरवेळी "जाईन हो, मीच सांगणार आहे." कोपरीहून कल्याण म्हणजे काय लंडन आहे? मलाही जाऊ दिलं नाहीस, स्वतःही गेली नाहीस. आणि गेलीस ती भलतीकडेच.

लेक तुझ्यावरच गेली आहे. सकाळी फोन, "बाबा, मला यायला उशीर होईल, कल्याणला काम आहे." आईच्या वर्षाच्या दिवशी काम! फोन आपटावासा वाटला. हल्लीचे फोन आपटताही येत नाहीत.

सुनंदा, ते कुलूप अजून खिळ्याला टांगलेलं आहे. किल्ली कुठे ठेवलीस तेवढं सांगायचं राहिलंच तुझं. जिथे असशील तिथे निवांत राहा. तिथे कविता मोठ्याने म्हणू देत असतील तर मी येईन तेव्हा बघू. तुझ्या वैतागलेल्या नवऱ्याचा तुला नमस्कार.

इथवर टाइप केलं आणि जिन्यात पावलं वाजली.

मुग्धाची ओळखली. तिच्यामागे आणखी कोणीतरी, प्रत्येक पायरीवर थांबत, दम घेत.

मी बेलची वाट बघत बसलो. बेल वाजली नाही.

दाराबाहेरून, थकलेल्या आवाजात, पहिली ओळ आली.