सिंधूच्या लग्नातले मांडे

झिपरू शहाद्याहून परतला तेव्हा दुपार टळली होती आणि गाडीतल्या चारही टोपल्या रिकाम्या होत्या. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

ही १९४४ सालच्या वैशाखातली गोष्ट. लग्न माझ्या आईचं, सिंधूचं. तिचे वडील दोधू पाटील, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवर वाट बघत उभे होते. झिपरू त्यांचा धाकटा भाऊ. त्यानं बैल सोडले नाहीत की पाणी मागितलं नाही. जुवावर हात ठेवून म्हणाला, "दादा, हलवाईनी बुंदी पाडीच नही. साखर नही म्हणे. लढाईनी बठ्ठी साखर खाई टाकी."

युद्धामुळे साखर परवान्यावर मिळते हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण पंधरा दिवसांपूर्वी हलवायानं शब्द दिला होता, आणि त्याच्या भरवशावर आजोबांनी पुढे शब्द दिला होता, तो मगन पाटलांना. मगन पाटील नवरदेवाचे वडील. खांडबाऱ्याला त्यांची शेती, बाजारात धान्याचं दुकान, उठबस मोठ्या लोकांत. सुपारी फुटली त्या दिवशी पाच माणसांसमोर त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. "माले हुंडा नको, मानपान नको. पन पंगतमा हलवाईना लाडू पाहिजे. मन्हासंगे मोठा लोके येतीन."

आजोबा म्हणाले, "आते याहीले काय तोंड दखाडू?" व्याह्याला आमच्या बोलीत याही म्हणतात.

आत कौसाबाई डाळ निवडत होती. ती आजोबांची थोरली बहीण, आईची आत्या. आम्हीही तिला आत्याच म्हणायचो. वय तेव्हा अडतीस. सासर होतं, पण चौदा वर्षांपूर्वी दिवाळीच्या दिवशी वाढल्या ताटावरून उठून ती एकटीच पायी माहेरी आली होती. नवरा न्यायला आला नाही, त्यानं दुसरं लग्न केलं. का आलीस, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तापट डोक्याची आहे, असं समजून घरच्यांनीही विषय सोडून दिला. ती राबायची, फारशी बोलायची नाही, आणि मांडे असे करायची की गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सूप बाजूला ठेवून ती ओसरीवर आली. "दोधू, घरमा गूळ किती शे?"

"गूळना काय करशी, आक्का?"

"मांडा करू. नी आंबाना रस. झाडवर पाड लागेल शे."

"मांडा तर आखाजीले घरोघर व्हतस. त्यास्नी लाडू सांगेल शेतस. उठी जातीन ते." आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्याकडे पुरणाच्या मांड्यांचा सण.

झिपरूनं आवाज बारीक केला. "आधी सांगानंच नही. एकदाव पंगत बसनी म्हंजे कोन उठस?"

"नही," आत्या म्हणाली. "बसाडीसन फसाडानं नही. दोधू, सकायले वऱ्हाड उनं की लगेच सांग. मंग मी शे नी मन्हं खापर शे."

संध्याकाळपर्यंत तिनं गहू ओलवून बांधून ठेवले, गल्लीतल्या बायकांना घरोघर जाऊन सांगितलं. पहाटे अकरा जात्यांची घरघर एकदमच सुरू झाली. पीठ कापडातून चाळून घेतलं. अंगणाच्या मागे गोठ्याजवळ सहा चुली मांडल्या, त्यांवर मातीची सहा खापरं पालथी घातली, खाली कपाशीच्या काड्या पेटवल्या. चांगल्या नारळाएवढ्या गोळ्यात पुरण भरायचं, तो दोन्ही हातांवर झेलत झेलत धोतराच्या पदरासारखा पातळ करायचा आणि न फाटता खापरावर टाकायचा. एक फाटला की पुरण जळतं, खापर पुसावं लागतं, तेवढ्या वेळात दुसरा हुकतो. ऊन चढत होतं. शेजारच्या धनुबाईचं खापर दुसऱ्याच मांड्याला तडकलं. आता पाचच उरली, आणि माणसं अडीचशे.

आठच्या सुमाराला नंदुरबार स्टेशनवरून वऱ्हाडाच्या गाड्या आल्या. वाजंत्री वाजू लागली. आजोबा जानोशावर, वऱ्हाड उतरलं होतं तिथे, गेले आणि थोड्या वेळानं परत आले.

खापरावरची नजर न काढता आत्यानं विचारलं, "सांगं?"

"नही. त्यास्ना भोवती लोके व्हतात."

"मंग परत जाय."

ते पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले. अक्षता पडल्या. लग्न लागलं. मांडवात पत्रावळी मांडायला सुरुवात झाली, पहिल्या पंगतीचे पाहुणे हात धुऊन येऊ लागले, तेव्हा कुठे आजोबांनी मगन पाटलांचा हात धरून एका बाजूला नेलं आणि सांगितलं. मांडवाच्या खांबाला टेकून झिपरू बघत होता. त्याला ऐकू काहीच आलं नाही. मगन पाटील नुसते ऐकत राहिले, मग हात सोडवून घेतला आणि सरळ जाऊन आपल्या पाटावर बसले.

झिपरूला वाटलं, जमलं. वाढप्यांनी मांडे वाढले, द्रोणात रस, वर तूप. शेवटच्या पानापर्यंत वाढून झालं. मगन पाटील दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पानाला त्यांनी हात लावला नाही.

आमच्याकडे याहीनं घास घेतल्याशिवाय पंगत जेवत नाही. शंभर माणसं पानांसमोर हात राखून बसली. वाजंत्री थांबली. वारा गरम होता, मांड्यांच्या कडा वाळू लागल्या, रसाभोवती माश्या जमल्या. आजोबा पागोटं काढून हातात घेऊन उभे राहिले. मागच्या रांगेतून वरपक्षाच्या कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "लाडू सरनात का बननाच नही?" चारदोन जण हसले. मगन पाटलांची मान अजूनच ताठ झाली.

हे आत बायकांपर्यंत पोचलं. माझी आई मुंडावळ्यांसकट माजघरात बसली होती, शेजारी तिची नवी सासू दगूबाई. आई सांगते, "सासूनं माझ्याकडे बघितलंच नाही. पदराची गाठ नुसती सोडत होती, बांधत होती. मला वाटलं, आता हे मला इथंच ठेवून जातात."

निरोप घेऊन धनुबाई गोठ्याकडे धावली. आत्यानं हातातला मांडा खापरावर टाकला, पुरा भाजून काढला, आणि मग उठली. कोपरापर्यंत पीठ, मनगटावर भाजल्याचे फोड. डोक्यावरून पदर घेऊन ती मांडवात, पुरुषांच्या पंगतीत गेली. नवऱ्यानं टाकलेली बाई शुभकार्यात अशी पुढे आलेली कुणी पाहिली नव्हती. आजोबा पुटपुटले, "आक्का, तू मझार जाय, घरमा." तिनं ऐकलं नाही.

"याही," ती मगन पाटलांच्या पानासमोर उभी राहून म्हणाली, "मी कौसा. पोरनी आत्या. ह्या मांडा मन्हाच हातना शेतस."

मगन पाटलांनी वर पाहिलं नाही.

"मन्हा लगनमा लापशी सरी गई व्हती. मन्हा चुलतसासरा रिकामा पानवरथून उठना. मी सासरले गई, तर सासूनी मन्हं नावच ठेवं, उपाशी घरनी. सणले बठ्ठास्नं जेवन व्हयनं की मंग मन्हं ताट. त्यामा कमी वाढे नी सांगे, तुम्हना घरनी हाईच रीत शे. त्या मानूसनी एक वखत उपास करा, याही. मी अकरा वरीस करा."

आजोबा ओट्याच्या पायरीवर बसले. हे ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"लाडूना शब्द आम्हनाकडथून मोडना. तुम्ही रागे भरा. माले शिव्या द्या, आठेच द्या, बठ्ठास्ना समोर द्या. पन तो राग घर लई जाऊ नका. सिंधूना ताटमा टाकू नका."

मगन पाटलांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "दोन पंगती आखो शेतस. मन्हा गाडीवान शेतस. बठ्ठास्ले पुरतीन?"

"पुरतीन."

"एक मानूस उपाशी उठना नही पाहिजे."

"उठाव नही."

त्यांनी मांड्याचा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि तोंडात घातला. पंगत जेवू लागली.

आत्या गोठ्याकडे आली आणि परातीत बघितलं. पीठ तळाला लागलं होतं. दुसरी पंगत कशीबशी निघाली असती. तिसरीला काही उरणार नव्हतं. "पुरतीन" हे तिनं नुसत्या हिमतीवर सांगितलं होतं. तिनं धनुबाईला तेवढंच म्हटलं, "पीठ नही." धनुबाई उठली, तिच्यामागून बाकीच्या उठल्या. ज्याच्या घरी जे होतं ते आलं: कुणाची अर्धा शेर कणीक, कुणाचं घरातलं गव्हाचं जाडंभरडं पीठ. त्याचा मांडा ताणला जाईना, हातावरच फाटू लागला. आत्यानं ते सगळं तेल-पाणी लावून पुन्हा तिंबलं आणि मांडे लहान नि जाड केले. पुरण संपलं तेव्हा नुसता गूळ-तूप घालून केले.

जेवून झाल्यावर मगन पाटील सावलीत जाऊन पडले नाहीत. दुसरी पंगत उठेपर्यंत ते मांडवाच्या तोंडाशी उभे होते, तिसरी बसली तरी तिथंच. शेवटी गाडीवान बसले. एकानं दुसरा मांडा मागितला. वाढप्यानं गोठ्याकडे बघितलं. आतून मांडा आला, जाड, एका बाजूला करपलेला. गाडीवानानं तो रसाबरोबर संपवला आणि ढेकर दिला. तेव्हा मगन पाटील तिथून हलले.

वरात निघाली, आई गेली. मगन पाटील आत्याशी एक शब्दही न बोलता गाडीत चढले. स्वभावाचा माणूस कडकच. पुढे त्यांनी आईला भाजीतल्या मिठावरून बोल लावले, भाकरी उशिरा आली म्हणून ताट सरकवलं. पण लग्नातल्या जेवणाचा उल्लेख त्या घरात त्यांनी कधी केला नाही, कुणाला करू दिला नाही. एकदा दिवाळीत दूरच्या नातेवाइकानं लाडवांची थट्टा सुरू केली, तर म्हणे ते जेवता जेवता थांबून त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

गाड्या दिसेनाशा झाल्या तसे आजोबा गोठ्याकडे आले. आत्या विझलेल्या चुलीपाशी हातांना खोबरेल लावत होती.

"आक्का, इतला वरीसमा माले कधी सांगं नही."

"तू इचारं नही."

आठवड्यानं आजोबांनी कुणाला न सांगता गाडी जुंपली आणि बहिणीच्या जुन्या सासरी गेले. दिवस कलताना परत आले. आत्या अंगणात वाळवण गोळा करत होती. गाडी कुठल्या वाटेनं आली, हे तिनं पाहिलं होतं.

"कोनले बोलना?" तिनं विचारलं.

"कोनलेच नही. तुन्ही सासू मांगला साललेच मरी गई."

आत्यानं वाळवणाची चादर झटकली, घडी घातली.

"मंग बैल सोड," ती म्हणाली. "ऊनमा दिनभर जुपेल शेतस."